हॅकॅथॉनसाठी टीममेट शोधून देणारं ॲप कसं बांधायचं: नागपूरकराची सविस्तर कृती

हॅकॅथॉन म्हणजे एक-दोन दिवसांत टीमनं मिळून काहीतरी बनवून दाखवायची स्पर्धा. ती जवळ आली की रात्री साडेदहाला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो: "भाऊ, एक फ्रंटएंडवाला पाहिजे, अर्जंट. उद्या रजिस्ट्रेशन बंद होऊन राहिलं." (फ्रंटएंडवाला म्हणजे ॲपची दिसणारी बाजू बांधणारा.) त्या मेसेजाखाली दोन अंगठे येतात, एक हसरा चेहरा येतो, मग कोणीतरी विचारतं की उद्या पहिलं लेक्चर आहे का. सकाळपर्यंत तो मेसेज दोनशे मेसेजांखाली गाडला जातो. ज्याला माणूस हवा तो आणि ज्याला टीम हवी तो, दोघंही त्याच ग्रुपमध्ये असतात आणि दोघांचीही गाठ पडत नाही.

मी हे दोन्ही बाजूंनी भोगलंय. तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या चौघांपैकी एक जण स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी गावी निघून गेला. घरी लग्न होतं, आणि ते त्याला महिनाभर आधीपासून ठाऊक होतं. त्याला रिॲक्ट (स्क्रीन बांधायचं एक साधन) फार छान यायचं, एवढं बघून आम्ही त्याला घेतलं होतं. त्या दोन दिवसांत तो मोकळा आहे का, हे कोणी विचारलंच नाही.

त्यामुळे इथं जे ॲप बांधायचंय, त्यात प्रोग्रामिंगच्या भाषा आणि फ्रेमवर्क (तयार कोडचे सांगाडे) मागच्या बाकावर बसतील. माणूस किती तास देणार, कशासाठी येतोय आणि रात्री कुठं बसू शकतो, हे पुढच्या बाकावर.

आधी ॲप बांधू नका

पहिले दोन आठवडे एक ऑनलाइन फॉर्म, एक शीट आणि तुमचं डोकं, एवढंच वापरा. जवळ आलेली एकच स्पर्धा निवडा, एकाच कॉलेजात फॉर्म फिरवा आणि आलेल्या नावांच्या जोड्या हातानं लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण जोड्या लावताना तुमचं मन कशाकडे बघून "हे दोघं जमतील" म्हणतं, ते टिपून ठेवा. तेच पुढं तुमचं अल्गोरिदम, म्हणजे जोड्या लावायची पद्धत, होणार आहे.

हातानं करताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते: प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळे असतात. २०१७ साली सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनमध्ये टीम सहा जणांची लागते, सगळे एकाच कॉलेजचे लागतात आणि त्यात किमान एक मुलगी असावी लागते. खुल्या स्पर्धांत बहुतेक वेळा दोन ते चार जण चालतात आणि कॉलेजची अट नसते. म्हणजे "टीम चौघांची" हे वाक्य कोडमध्ये लिहून ठेवलंत की पुढच्याच स्पर्धेला फसलात. किमान किती, कमाल किती, कॉलेज एकच हवं का, मुली किमान किती, हे सगळं स्पर्धेच्या नोंदीत माहिती म्हणून राहिलं पाहिजे. कोडनं ते फक्त वाचायचं.

प्रश्न कोणते विचारायचे

सगळा खेळ इथं आहे, त्यामुळे या भागावर वेळ घालवा. खाली दिलेली आमची यादी बरीच घासून तयार झाली.

पहिला प्रश्न कामाचा. "तुला काय येतं" असं विचारलं की माणूस दहा भाषांची नावं लिहितो, त्यातल्या सहांचा त्यानं फक्त व्हिडिओ पाहिलेला असतो. त्याऐवजी "टीममध्ये तू कोणतं काम उचलशील" असं विचारा आणि पर्याय मोजकेच ठेवा: स्क्रीन बांधणं, सर्व्हर आणि डेटाबेस, मशीन लर्निंग, हार्डवेअर, डिझाइन, सादरीकरण. दोनपेक्षा जास्त निवडू देऊ नका. सादरीकरण हे वेगळं काम म्हणून यादीत असायलाच हवं. परीक्षकांसमोर पाच मिनिटं नीट बोलणारा माणूस नसला की रात्रभराचं काम पाण्यात जातं, आणि कोड लिहिणाऱ्या पोरांना हे निकाल लागल्यावर कळतं.

स्वतःला पाचपैकी किती तारे देशील, हा प्रश्न काढून टाका. लाजरा हुशार मुलगा तीन देतो आणि बोलका मुलगा पाच. त्याजागी एकच ओळ मागा: मागच्या सहा महिन्यांत या कामातलं काय बनवलं? लिंक असली तर द्यावी, नसली तरी चालेल. "मेसचा हिशेब ठेवणारी छोटी वेबसाइट" एवढं वाचूनही तुम्हाला माणूस बराच कळतो.

तासांचा प्रश्न नेमका हवा. "वेळ आहे का" याचं उत्तर नागपुरात कायम "हो भाऊ, आहे ना" असंच येतं. म्हणून स्पर्धेचे दिवस समोर ठेवून विचारा: शनिवारी किती तास, रविवारी किती तास, आणि आधीच्या आठवड्यात रोज किती. त्याच पानावर एक चौकट ठेवा: या दिवसांत परीक्षा, लग्न, प्रवास यांपैकी काही आहे का. आमच्या त्या मित्राला ही चौकट दिसली असती, तर त्यानं प्रामाणिकपणे टिक केलं असतं. तो काही खोटारडा नव्हता, त्याला कोणी विचारलं नाही इतकंच.

मग हेतू. जिंकायला, शिकायला, रेझ्युमेसाठी, की मित्रांसोबत मजा म्हणून? चारही कारणं चांगली आहेत. भांडणं होतात ती जिंकायला आलेला आणि मजा करायला आलेला एका टेबलावर बसले की.

शेवटी जागा, आणि इथं नागपूरचा नकाशा कामाला येतो. जीपीएसची परवानगी मागू नका. लोक ती देत नाहीत, आणि दिली तरी सरळ रेषेतलं अंतर फसवतं. गिट्टीखदानला रामदेवबाबा कॉलेजात शिकणारी मुलगी आणि खापरीच्याही पुढं वारंग्याला ट्रिपल आयटी कॉलेजात राहणारा मुलगा, यांना रात्री नऊनंतर एकत्र बसवणं म्हणजे दोघांपैकी एकाच्या रात्रीचे हाल. तेच हिंगणा रोडवरच्या कॉलेजचा मुलगा मेट्रोच्या ॲक्वा लाइननं लोकमान्य नगरहून एलएडी चौकापर्यंत सरळ येतो आणि व्हीएनआयटी कॉलेजाकडच्या मुलाला भेटतो. शहराचे सात पट्टे करा: काटोल रोड, हिंगणा रोड, अंबाझरी-धरमपेठ, सीताबर्डी-महाल, वर्धा रोड-बुटीबोरी, कामठी रोड, नंदनवन-पारडी. सात पट्ट्यांच्या २१ जोड्या होतात. प्रत्येक जोडीसमोर जवळ, मध्यम किंवा दूर असं हातानं लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कोणत्याही नकाशा सेवेला पैसे द्यावे लागत नाहीत.

याच्याच जोडीला एक प्रश्न: रात्री थांबता येईल का? हो, नाही, किंवा अमुक वाजेपर्यंत. कारण विचारू नका. होस्टेलच्या गेटची वेळ असेल, घरचे सोडत नसतील, सकाळी नोकरी असेल, ते त्या माणसाचं त्याच्यापाशी. ॲपला फक्त घड्याळ कळलं की पुरे.

साधनं

यावर लोक तासन् तास वाद घालतात, मी लवकर उरकतो. सुरुवात वेबसाइटनं करा, फोनवर ॲपसारखी बसवता येणारी, म्हणजे पीडब्ल्यूए. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की माणूस लगेच आत येतो, डाउनलोडची वाट बघावी लागत नाही. आयफोनवर एक अडचण आहे: वेबसाइटच्या सूचना आयओएस १६.४ पासून येतात, पण त्या साइटचं चिन्ह होम स्क्रीनवर आणलं असेल तरच. म्हणून महत्त्वाची सूचना ईमेलनंही पाठवा. स्पर्धा दोन-तीन पार पडल्या आणि लोक परत येताना दिसले, की मग फ्लटरमध्ये (अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप एकत्र लिहायचं साधन) ॲप लिहायला घ्या.

डेटाबेस पोस्टग्रेस घ्या. सुपाबेस या ऑनलाइन सेवेवर तो तयार मिळतो, मुंबईचा सर्व्हर निवडता येतो आणि फुकटच्या योजनेत ५०० एमबी जागा मिळते, जी या कामाला भरपूर झाली. गूगलचा फायरस्टोअर डेटाबेसही वाईट नाही. पण आपली माहिती नात्यांची आहे: माणूस टीममध्ये, टीम स्पर्धेत, निमंत्रण दोघांच्या मध्ये. असल्या नात्यांना टेबलं (ओळी-रकान्यांचे तक्ते) बरी पडतात. सुपाबेसचे दोन खड्डे सांगून ठेवतो. फुकटचा प्रोजेक्ट आठवडाभर वापरला नाही तर झोपी जातो, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर ॲप बंद दिसेल. आणि त्यांची अंगभूत ईमेल सेवा फक्त चाचणीपुरती असते, तासाला मोजकेच ईमेल जातात. उद्घाटनाच्या दिवशी साठ जणांनी एकदम लॉगिन केलं की सगळे ओटीपीची वाट बघत बसतात. स्वतःची ईमेल सेवा आधीच जोडून ठेवा.

लॉगिनला मोबाइलचा ओटीपी मनात येतो, पण भारतात असे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटीवर (एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) नोंदणी आणि टेम्प्लेटची मंजुरी लागते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला ही उस्तवार परवडत नाही. कॉलेजचा ईमेल किंवा गूगल लॉगिन ठेवा. गिटहबचं (कोड ठेवायच्या साइटचं) लॉगिन हवं तर द्या, सक्तीचं करू नका, कारण डिझाइनवाल्यांचं आणि सादरीकरणवाल्यांचं गिटहबवर खातंच नसतं आणि ते दारातूनच परत जातात. गिटहबवरून प्रोजेक्टची माहिती ओढणार असाल तर लॉगिनशिवाय तासाला ६० विनंत्या मिळतात आणि लॉगिनसह ५०००. आणलेली माहिती दिवसभर साठवून ठेवा, प्रत्येक वेळी नव्यानं मागू नका.

टेबलं

सात पुरतात: माणसं, कामं, माणूस-काम जोडणी, स्पर्धा, टीम, टीमचे सदस्य, निमंत्रणं. प्रत्येक स्पर्धेसाठीचे तास, हेतू आणि पट्टा हे माणसांच्या टेबलात ठेवू नका. तीच मुलगी ऑगस्टमध्ये जिंकायला येते आणि जानेवारीत प्रोजेक्टच्या घाईत फक्त दहा तास देते. ही उत्तरं "अमुक माणूस, अमुक स्पर्धा" अशा वेगळ्या आठव्या टेबलात गेली पाहिजेत. आधी सात म्हणालो ते यामुळेच: मीही पहिल्यांदा हे विसरलो होतो.

मुलगा की मुलगी, हे फक्त ज्या स्पर्धेच्या नियमात लागतं तिथंच विचारा. उत्तर कोणाला दाखवू नका, आणि त्यावरून शोध तर मुळीच घेऊ देऊ नका. "टीममध्ये नियम पूर्ण होतोय" किंवा "अजून एक जागा राखीव आहे" एवढंच स्क्रीनवर यावं. नाहीतर सहाव्या जागेसाठी मुलींना नुसत्या नावापुरत्या टीममध्ये ओढणारे मेसेज सुरू होतात. हे कॉलेजांत होतं आणि त्यात ॲपनं हातभार लावू नये.

नोंदणीची शेवटची तारीख वेळेसकट आणि यूटीसीमध्ये (जगाची समान प्रमाणवेळ) साठवा. रात्रीचे ११:५९ म्हणजे यूटीसीत संध्याकाळचे ६:२९, कारण आपण साडेपाच तास पुढं आहोत. नुसती तारीख साठवलीत तर सर्व्हरच्या हिशेबानं "३१ तारीख" आपल्याकडे १ तारखेच्या पहाटे साडेपाचला संपते. तोवर आयोजकांचं पान कधीच बंद झालेलं असतं आणि तुमचं ॲप मात्र लोकांना टीममध्ये घेतच राहतं.

मराठीत शोध द्यायचा असेल तर एक बारीक फास आहे. "ॲप" हा शब्द काही कीबोर्ड एकाच अक्षरानं लिहितात, काही "अ" वर चंद्र लावून लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं (अक्षरांच्या जागतिक सांकेतिक यादीचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, इथं मदत करत नाही. हा बदल तुम्हालाच हातानं लिहावा लागतो. "गोऱ्हे" मधल्या ऱ चं उलट आहे. तो एका अक्षरानं लिहिला काय किंवा र खाली टिंब देऊन लिहिला काय, एनएफसी (त्या नॉर्मलायझेशनचाच एक प्रकार) लावलं की दोन्ही एक होतात. म्हणून नाव साठवण्याआधी एनएफसी आणि त्यावर आपली छोटी बदल-यादी, असा क्रम ठेवा.

जोड्या लावणं

बहुतेक जण इथं पहिली चूक करतात: सारखेपणा मोजतात. दोघांच्या कौशल्यांच्या यादीत किती नावं समान आहेत ते पाहायचं आणि जास्त समान ते वर. त्यातून काय होतं, तर चार बॅकएंडवाले (सर्व्हर सांभाळणारे) एकमेकांना मिळतात आणि स्क्रीन कोणीच बांधत नाही. आपल्याला पूरक माणूस हवाय. प्रश्न असा विचारायचा: हा माणूस आला तर टीमची कोणती रिकामी जागा भरेल?

आधी गाळणी लावा. स्पर्धा एकच, जागा शिल्लक, कॉलेजची अट पूर्ण, आणि दोन्ही दिवस सपशेल अडकलेला नाही. उरलेल्यांना १०० पैकी गुण द्या: गरज ५०, वेळ २५, हेतू १५, जागा १०.

उदाहरण घेऊ. अंबाझरी भागातली दोघांची टीम आहे, एक सर्व्हरवाला आणि एक मशीन लर्निंगवाली. दोघंही जिंकायला आलेत आणि वीस-वीस तास देणार आहेत. त्यांना स्क्रीन बांधणारा (२५ गुणांची गरज), सादरीकरण (१५) आणि डिझाइन (१०) हवंय. समोर तीन जण आहेत.

पहिला धरमपेठेतला, उत्तम सर्व्हरवाला, ३० तास, जिंकायला आलेला. गरजेचे ०, वेळेचे २५, हेतूचे १५, जागेचे १०, एकूण ५०.

दुसरा बुटीबोरीचा, स्क्रीन बांधणारा, १६ तास, शिकायला आलेला. गरजेचे २५, वेळेचे २० (सोळा भागिले वीस, गुणिले पंचवीस), हेतू वेगळा म्हणून ५, जागा दूर म्हणून २, एकूण ५२.

तिसरी हिंगणा रोडची, डिझाइन आणि सादरीकरण करणारी, २० तास, जिंकायला आलेली. २५ अधिक २५ अधिक १५ अधिक ७ (जागा मध्यम), म्हणजे ७२.

तिसरी वर आली ते बरोबरच आहे. पण पहिल्याकडे बघा. त्याच्यामुळे टीमची एकही गरज भागत नाही, तरी तो दुसऱ्याच्या जेमतेम दोन गुण मागं आहे. नुसत्या बेरजेचा हा दोष. जवळ राहतो आणि वेळ आहे म्हणून निरुपयोगी माणूस वर चढतो. उपाय सोपा: गरजेचे गुण शून्य आले तर नाव दाखवायचंच नाही, बाकीचे गुण कितीही असोत.

आता तिसरी टीममध्ये आली असं धरा. उरलेली गरज एकच, स्क्रीन. गरजेचे ५० गुण आता त्या एकाच कामाला जातात आणि बुटीबोरीवाला ५२ वरून ७७ वर पोचतो. म्हणून यादी एकदा काढून साठवू नका. टीममध्ये कोणी आलं किंवा गेलं की गुण नव्यानं मोजा. दोन-तीनशे माणसांच्या यादीला हे गणित पोस्टग्रेस चुटकीसरशी करतं, त्यासाठी कसलं एआय लागत नाही.

"मग ॲपनंच सगळ्यांच्या टीम लावून का देऊ नयेत?" असं कोणीतरी विचारणारच. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये दाखवलं की दोन वेगळ्या गटांतल्या जोड्या, म्हणजे विद्यार्थी आणि कॉलेजं अशा, कायम स्थिर लावता येतात. याच वाटेवरच्या कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण हॅकॅथॉनमध्ये दोन गट नसतात. सगळे एकाच ढिगातले, होस्टेलच्या रूममेटसारखे, आणि त्या रूममेटच्या कोड्याला कधीकधी स्थिर उत्तरच नसतं: कोणतीही जोडी लावा, कुठले तरी दोघं आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जायला तयार असतात. तेव्हा ॲपनं दहा नावं सुचवावीत आणि थांबावं. निवड माणसांनी करावी.

प्रत्येक नावाखाली कारणाची एक ओळ मात्र हवीच: "तुमच्याकडे डिझाइन करणारं कोणी नाही. यांनी मेसच्या वेबसाइटचं डिझाइन केलंय. शनिवारी पूर्ण वेळ मोकळ्या." गुणांचा आकडा दाखवू नका. ७२ टक्के जुळणी वगैरे दिसलं की लग्नाच्या वेबसाइटची कळा येते, आणि ५२ वाल्याला उगाच वाईट वाटतं.

निमंत्रण आणि शेवटची जागा

निमंत्रणाच्या पाच अवस्था ठेवा: पाठवलं, होकार, या वेळी नको, मुदत संपली, मागं घेतलं. मुदत ४८ तास, आणि स्पर्धा तीन दिवसांवर आली की १२ तास. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. "पाहतो ना भाऊ" म्हणजे नाही, हे ज्याला कळतं त्याला कळतं. समोरचा मात्र त्या "पाहतो" वर आठवडा काढतो. मुदत असली की न बोलताच उत्तर मिळतं आणि कोणाचं मन दुखावत नाही. नकाराचं बटणही "या वेळी नको" एवढंच ठेवा, कारणाची चौकट देऊ नका.

एका टीमची एका वेळी पाचच निमंत्रणं उघडी राहू द्या. नाहीतर लोक सगळ्यांना एकगठ्ठा पाठवतात, आणि चांगल्या फ्रंटएंडवाल्याकडे वीस निमंत्रणांचा ढीग पडून तो ॲपच उघडेनासा होतो. ज्याच्याकडे आधीच बरीच निमंत्रणं पडून आहेत, त्याला यादीत थोडं खाली सरकवा.

आता तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात नाजूक जागा. टीममध्ये एकच जागा उरलीय आणि दोघांनी एकाच क्षणी होकाराचं बटण दाबलं. तुमचा कोड दोघांसाठी मोजतो, दोघांनाही "एक जागा शिल्लक" दिसतं आणि दोघंही आत येतात. सहाच्या टीममध्ये सात. ही तपासणी फोनवर किंवा ब्राउझरमध्ये करून भागत नाही, ती डेटाबेसच्या आत एका फंक्शनमध्ये हवी आणि एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या पायऱ्या एकत्र, नाहीतर एकही नाही) हवी. क्रम असा: आधी टीमची ओळ "सिलेक्ट फॉर अपडेट" नं कुलूपबंद करा, मग सदस्य मोजा, स्पर्धेची कमाल मर्यादा आणि राखीव जागा तपासा, जागा असेल तर सदस्य घाला, निमंत्रणावर होकार लिहा, आणि टीम भरली असेल तर तिची बाकी निमंत्रणं मागं घ्या. दुसरा माणूस कुलूप उघडेपर्यंत थांबतो आणि मग त्याला "जागा नुकतीच भरली" असं दिसतं. आधी मोजून मग कुलूप लावलंत तर सगळी मेहनत फुकट.

शिवाय सदस्यांच्या टेबलात स्पर्धा आणि माणूस या जोडीवर युनिक अट लावा. एक माणूस एका स्पर्धेत दोन टीममध्ये दिसता कामा नये. कोडमध्ये चूक राहिली तरी ही अट डेटाबेसच्या दारावर उभी असते.

फोन नंबर आणि विश्वास

दोन्ही बाजूंचा होकार येईपर्यंत फोन नंबर कोणालाच दिसू नये. हे फक्त स्क्रीनवर लपवून होत नाही. सुपाबेसची जी "की" (चावी) ब्राउझरमध्ये जाते, ती कोणीही पाहू शकतो आणि तिच्यावरून थेट डेटाबेसला प्रश्न विचारू शकतो. म्हणून रो लेव्हल सिक्युरिटी (कोणती ओळ कोणाला दिसेल याचे नियम) प्रत्येक टेबलावर चालू करा आणि नंबर वेगळ्या टेबलात ठेवा, ज्याचा नियम म्हणतो: मालकाला दिसेल आणि त्याच्याच टीममधल्या सदस्याला दिसेल. मग दोन खोटी खाती काढा आणि एकानं दुसऱ्याचा नंबर पळवायचा खरोखर प्रयत्न करा. ही चाचणी मित्राला करायला लावलीत तर उत्तम. स्वतःच्या घराची खिडकी उघडी राहिलेली आपल्याला दिसत नाही.

२०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली जाते आणि तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कितीतरी मुलं सतराची असतात, हे आपण विसरतो. ती यंत्रणा उभी करणं तुम्हाला झेपणार नसेल, तर सुरुवातीला १८ पूर्ण झालेल्यांनाच घ्या आणि तसं पहिल्याच पानावर लिहा. "खातं मिटवा" या बटणानं माहिती खरोखर पुसली गेली पाहिजे. ब्लॉक आणि तक्रार ही दोन बटणं पहिल्या दिवसापासून हवीत, आणि तक्रार तुमच्या ईमेलवर आली पाहिजे, कुठल्यातरी टेबलात पडून राहता कामा नये.

होकार आला तरी टीम लगेच "पक्की" करू नका. मध्ये एक पायरी ठेवा: वीस मिनिटांची भेट, समोरासमोर किंवा व्हिडिओवर. भेटायला सीताबर्डी इंटरचेंज सोयीचं, दोन्ही मेट्रो लाइन तिथं मिळतात. भेटीसाठी ॲपनं चार प्रश्न समोर ठेवावेत: कोड कोणाच्या खात्यावर राहील, परीक्षकांसमोर कोण बोलेल, बक्षीस मिळालं तर वाटणी कशी, आणि एखादा मध्येच गेला तर काय. बक्षिसाचा प्रश्न लोकांना अवघड वाटतो. जिंकल्यावर तो दसपट अवघड होतो. चारही उत्तरं लिहून सगळ्यांनी "मान्य" दाबलं की टीम पक्की.

लोकांसमोर आणताना

रिकामं ॲप उघडून दोनदा बघितलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून नागपूरभर एकदम उघडू नका. एक कॉलेज, एक स्पर्धा, तीन आठवडे आधी. पहिली तीसेक नावं तुमच्या हातच्या फॉर्ममधून, त्यांची परवानगी घेऊन, आधीच आत असू द्या. मे महिना टाळा. परीक्षा उरकून होस्टेलं रिकामी झालेली असतात, आणि पंचेचाळीस अंशांत टीममेटला भेटायला कोण बाहेर पडून राहिलं? कॉलेजच्या कोडिंग क्लबला विश्वासात घ्या. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपशी स्पर्धा करू नका, ग्रुपमध्येच टाकता येईल अशी प्रत्येक टीमची लिंक द्या. म्हणजे तो साडेदहाचा मेसेज पडला, तरी त्याखाली दाबायला काहीतरी असेल.

प्ले स्टोअरवर जायची वेळ आली की २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर, त्यामुळे ते पुढं कधीतरी. प्ले स्टोअरची एक अट लोकांना शेवटच्या दिवशी कळते: १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांसोबत सलग १४ दिवस बंद, म्हणजे निवडक लोकांपुरती, चाचणी घ्यावी लागते. स्पर्धेच्या तारखेतून हे १४ दिवस आधी वजा करा. शिवाय प्रायव्हसी पॉलिसीचं पान आणि ॲपबाहेरूनही खातं मिटवता येईल अशी लिंक मागतात. चाचणीला बारा जण मिळवणं तसं सोपं आहे, एका तर्री-पोह्याच्या टपरीवर जमतात. चौदा दिवस त्यांना चाचणीत टिकवणं अवघड, म्हणून वीस जणांना घ्या.

डाउनलोडचे आकडे मोजू नका, ते फसवे असतात. किती टीम पक्क्या झाल्या आणि त्यांतल्या किती जणांनी शेवटी प्रकल्प सादर केला, हे दोन आकडे ठेवा. दुसरा पहिल्यापेक्षा फार कमी असेल तर तासांचा प्रश्न पुन्हा लिहा.

आणि स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, झोप काढून झाल्यावर, संध्याकाळी सहाच्या सुमारास प्रत्येक सदस्याला एकच प्रश्न जाऊ द्या: याच माणसासोबत पुन्हा बसशील का? हो किंवा नाही. उत्तर कोणालाही दाखवायचं नाही, तारे म्हणून प्रोफाइलवर तर नाहीच. दोघांचंही "हो" असेल तर पुढच्या स्पर्धेच्या यादीत ते एकमेकांना सगळ्यात वर दिसतील, आणि एकाचंही "नाही" असेल तर दिसणारच नाहीत. तीस दिवसांनी त्या स्पर्धेपुरती उघडलेली फोन नंबरांची परवानगी आपोआप बंद होईल असं काम डेटाबेसमध्ये लावून ठेवा. ज्यांना एकमेकांचे नंबर हवे असतात, त्यांनी ते तोवर सेव्ह केलेले असतात.